बिनजाळाची शेगडी

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळत आलो. घरात कुणी हीटरचं बटण दाबलं की ती ओठांवर यायची आणि मी विषय बदलायचो. आता सांगून टाकतो.

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं. परभणीच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी वीज करणाऱ्या डायनामोवर कामाला होतो. मालकांनी हैदराबादहून विजेची शेगडी आणली होती. तार तुटली म्हणून ती माझ्याकडे आली. मातीची जाड पांढरी ताटली, तिच्यात नागमोडी खाच, खाचेत गुंडाळलेली तार. मी तार जोडून वीज दिली. ती आधी काळपट, मग जांभळट, मग शेंदरासारखी लाल! लाकूड नाही, धूर नाही, फुंकर नाही. हाताला ऊब लागली आणि मी एकटाच हसत सुटलो. हे सगळ्यांना दाखवल्याशिवाय चैन पडेना.

कापसाच्या आवाराच्या फाटकावर पिंगळी गावचे एक म्हातारे पहारेकरी बसत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आत जाणाऱ्याची विडी-काडी ते काढून घेत, मालकांच्या जावयाचीसुद्धा. त्यांनी शेगडी उलटीपालटी करून पाहिली.

"ह्यात इस्तू कुठं हाय?"

"न्हाई मामा. नुसती तार हाय."

"मंग पेटवतूस कशानं? काडी?"

"काडी लागतच न्हाई."

"काडी न्हाई तर माझं काय काम? जा. पन पैला चहा मला."

रुईच्या खोलीत दिव्याच्या तारेला जोडून मी चहा केला. बाया काम टाकून बघायला आल्या. एकीनं शेगडीला हात जोडले. दुसरी म्हणाली, ही आंदणात मिळाली असती तर सासूच्या हाती फुंकणी उरली नसती. हसत त्या कामाला परतल्या. मी मामांचा कप घेऊन फाटकाकडे निघालो. शेगडी चालूच. जाळच नव्हता, तर विझवायचं काय? उडणारी रुई तारेवर बसली. परतलो तेव्हा ढीग पेटलेला होता.

आग विझली. शेगडी मी लपवली. मालकांनी विचारलं तेव्हा बाया गप्प राहिल्या, मीही. मामांना मात्र शेगडीचा संशयच आला नाही. आपल्याच नजरेतून काडी सुटली, असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं आणि त्यांची नोकरी गेली.

पुढे एकदा मी पिंगळीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, "कुनाच्या कनवटीची काडी सुटली असंल रं?" मी पिकापाण्याचं बोलून उठलो. पुन्हा गेलो तेव्हा ते हयात नव्हते.

मामा, तुमच्या फाटकातून काडी गेलीच न्हाई. शेगडी मी चालू सोडली होती. मला माफ करा.