मोर कोणी कोरला?

रशीदचाचा गेल्याचं मशिदीच्या भोंग्यावरून कळलं तेव्हा, खरं सांगते, मला आधी त्यांचे हात आठवले. त्या हातांवर माझा संशय होता...

नंदुरबारात आमची दुकानं भिंतीला भिंत लावून. माझं झेरॉक्सचं, त्यांचं शिक्क्यांचं. मिरचीचे व्यापारी पिशव्यांवर मारायला मोर, बैल असली चित्रं घेऊन यायचे. मी झेरॉक्स काढायची, चाचांच्या दुकानात ती लाकडी ठोकळ्यावर पालथी ठेवून मागून थिनरचा बोळा फिरवायचा, मग चमच्याच्या पाठीनं घासायचं. चित्र ठोकळ्यावर उलटं उतरतं, म्हणून कोरल्यावर शिक्का सुलटा उमटतो. कागद केसभर हलला तर मोराला दोन चोची. आणि इथेच माझं डोकं फिरायचं. अलीकडे चाचांचा चहा पोटात कमी नि लुंगीवर जास्त जायचा, शिक्के मात्र पूर्वीपेक्षा रेखीव! काम सुरू झालं की पडदा ओढलेला. आत त्यांची मुलगी शाहीन, म्हणे चहा करायला. एकदा मी विचारलंच, तर चाचा उखडले. "तू तुन्ही मशीन देख. मन्हा हात नको देखू."

चाचांचे चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर शाहीननं दुकान उघडलं. गिऱ्हाइकं डोकावून परत जायची. एक मिरचीवाले शेठ तेवढे आत शिरले, तेही जुनी पिशवी नाचवत. "हाऊ मोर देख. चाचाना हात व्हता तो. तुले जमी का?" हेही गेले असते तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. मी उगाच उंबऱ्यात रेंगाळले.

शाहीन शांतपणे म्हणाली, "शेठ, हाऊ मोर मीच कोरेल शे."

"मंग चाचानी कधी सांगं नही?"

तिनं कोरा ठोकळा पुढे ओढला. शेठनं काम तिलाच दिलं, पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. चाचा, मुलीच्या हातचं म्हटल्यावर गिऱ्हाईक पळेल म्हणून तिला झाकलंत, की आपलं नाव जाईल म्हणून? पहिलं असेल तर माफ. मला दुसऱ्याचा संशय आहे, आणि तरी तुमच्यासाठी रडू येतं याचाच राग येतो.

दारावरच्या लाकडी पाटीवर तुमचं एकट्याचं नाव आहे. परवा मी शाहीनला म्हटलं, ही पाटी आता बदल.

"ऱ्हाऊ द्या, ताई," ती वर बघत म्हणाली. "अब्बानं नाव शे... तेबी मीच कोरेल शे."