शिंप्याच्या रिपोर्टातला बाण

आमच्या गल्लीतला शिंपी कापड बेतताना शिवणीच्या आत दोन बोटं माया जास्तच सोडतो. गिऱ्हाईक उद्या सुटलं तर उसवून वाढवता यावं, म्हणून. कपड्यांत ही अक्कल सोन्यासारखी. पण गड्याने तीच गोळ्यांना लावली.

थकवा येतो म्हणून डॉक्टरीणबाईंनी महिनाभर रोज एक व्हिटॅमिनची गोळी सांगितली होती. याने वर्ष काढलं. वर मेहुण्याने आणलेली ताकदीची बाटली जोडली, आणि औषधवाल्याने सुचवलेली नसांची गोळीही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, आमच्याकडे जेवण गोळ्यांना तोंडी लावण्यापुरतंच असतं.

मग त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली. सुई रुतली तरी पत्ता नाही. रेशीम काय न् अस्तर काय, हाताला सारखंच. शिंप्याची बोटंच गेली तर उरलं काय? घाबरून त्याने गोळ्या दुप्पट केल्या. शेवटी वहिनीने त्याला रक्त तपासायला पिटाळलं.

रिपोर्टात बी-सिक्स व्हिटॅमिनपुढे भलामोठा आकडा आणि वर जाणारा बाण. गडी असा फुगला, जणू वर्गात पहिला आला. इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून आल्यागेल्याला दाखवू लागला. मीही चावटपणा केला, म्हटलं, छप्पर जपा, बाण बाहेर पडायचा.

डॉक्टरीणबाईंनी मात्र तिन्ही बाटल्या मागवल्या आणि चष्मा चढवून मागची बारीक अक्षरं वाचली. तिन्हींत बी-सिक्स.

"हा बाण शाबासकीचा नाही हो," त्या म्हणाल्या. "हे इतकं वाढलं की नसाच बिघडतात. तिन्ही आजपासून बंद."

"एखादी ठेवू का, अडीअडचणीला?"

"एकही नाही."

बोटं सुधारतील, पण महिने लागतील. आणि पुरती सुधारतीलच असा शब्द काही त्या देईनात.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी रोज सकाळी त्याला डोळे मिटायला लावायची आणि हातात एकेक चिंधी द्यायची. दोन महिने त्याने मखमलीला गोणपाट म्हटलं. वहिनी हसायची, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर यायची नाही.

पाचव्या महिन्यात तिने चिंधीऐवजी स्वतःच्या कोटाची बाही पुढे केली. त्याने चाचपली, थांबला, पुन्हा चाचपली.

"लोकर. कोपरापाशी विरलीय. बोलली नाहीस ते?"

"बोलून काय? तुम्हाला कळलं असतं थोडंच?"

डाव्या करंगळीला अजून काही उमगत नाही. पण त्या दुपारी दुकानाबाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, आणि हा आत बायकोची बाही रफू करत बसला होता.