ज्या घरात कुणी ‘चूक’ म्हणत नसे

थोर्किल जिने बनवायचा. डेन्मार्कमधल्या मॉर्स बेटावरच्या निम्म्या घरांत माणसं त्याच्या पायऱ्यांवरून झोपायला वर जातात आणि सकाळी शिव्या देत खाली येतात. शिव्या हवेला असतात, जिन्याला नव्हे. त्याचा जिना कधी करकरला नाही. तो म्हणायचा, जिन्यात एक पायरी अर्ध्या बोटाने उंच झाली तर कुणाला काही सांगावं लागत नाही, माणूस पडतो आणि त्याला आपोआप कळतं. हे वाक्य त्याने जिन्यापुरतं ठेवलं असतं तर मला हे लिहायची गरज पडली नसती.

मी लाकडाच्या वखारीत गल्ल्यावर बसतो. शिक्षण म्हणाल तर न्यूकोबिंगच्या शाळेत रडतखडत दहावी. थोर्किल माझ्याकडून प्लायवुड, पितळी खिळे आणि पॉलिशपेपर न्यायचा, आणि त्याच्यामागे त्याची मुलगी वीबे यायची. दहा वर्षांची, केस बापासारखेच गवती. ती शाळेत जात नसे. बाप तिला घरीच शिकवायचा, आणि शिकवायची सगळी साधनं स्वतःच्या हाताने करायचा.

त्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. थोर्किल लहानपणी अक्षरं उलटीसुलटी वाचायचा. मास्तर त्याला फळ्यापाशी उभा करून वाचायला लावायचे आणि प्रत्येक शब्दाला ‘चूक’ म्हणायचे. पुढे पुढे मास्तर गप्प राहायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा. त्या वर्गातली पोरं आता आजोबा होत आली, अजून त्याला रस्त्यात भेटतात, हात हलवतात. मुलगी झाली तेव्हा त्याने ठरवलं, हिला आयुष्यात कुठलाही माणूस ‘चूक’ म्हणणार नाही. वस्तूच सांगतील. वस्तू हसत नाहीत.

वस्तू मात्र अशा बनवायचा की बघत राहावं. डेन्मार्कचा लाकडी नकाशा होता, त्यातलं प्रत्येक बेट फक्त आपल्याच खाचेत बसायचं. शब्द शिकायला गोट्यांची घसरण होती: अक्षरांचे ठोकळे बरोबर लागले की गोटी टुणटुण करत खालच्या वाटीत येते, एक जरी ठोकळा चुकला तर गोटी भिंतीतल्या भोकातून बाहेर बदकांच्या डबक्यात. गोट्या वीबेच्याच होत्या, तिच्या वाढदिवसाच्या. नवी गोटी मिळत नसे. अपूर्णांकांसाठी रोज सकाळी राईचा पाव असायचा. तिघांच्या दोन वेळा लक्षात घेऊन तिनेच कापायचा. आईबाबांचे वाटे आधी, उरलेला तिचा. हिशेब चुकला तर कुणी रागवत नसे, बाप नुसता बशीकडे बघायचा. आणि हिवाळ्यासाठी होती हातमोज्यांची पेटी. तिच्या खिट्ट्या पाढ्याच्या उत्तरांनी सरकायच्या. एक चुकली की सगळ्या परत बंद.

जानेवारीत ती वखारीत आली तेव्हा तिची बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती. काय गं झालं, विचारलं तर म्हणाली, ‘‘सात आठे.’’

थोर्किल मागेच उभा होता. तो हसला, प्रेमाने. त्या माणसाने पोरीवर कधी आवाज चढवला नाही, हात तर नाहीच. तो हे सगळं क्रूरपणे करत असता तर गावाने केव्हाच तोंड घातलं असतं. पण त्याच्याइतका मऊ बाप बेटावर दुसरा नव्हता, आणि मऊ माणसाला अडवायचं कुठून, हे आम्हाला कुणाला कळत नसे.

येप्पेने एकदा प्रयत्न केला. येप्पे डुकरं पाळतो आणि गल्ल्याला टेकून उभा राहिला की त्याला तत्त्वज्ञान सुचतं. तो म्हणाला, ‘‘थोर्किल, माझी डुकरंही असंच शिकतात. तारेला नाक लागलं की कळतं.’’

‘‘आणि डुकरं तुझ्यावर चिडतात का?’’ थोर्किलने विचारलं.

‘‘छे. तारेवरही चिडत नाहीत,’’ येप्पे म्हणाला. ‘‘फक्त कुरणाच्या मधोमध उभी राहतात.’’

थोर्किलने खिळे मोजून घेतले आणि गेला. येप्पे दिवसभर आपल्याच वाक्यावर खूश होता.

घरात आणखी एक माणूस होतं, बोदिल, वीबेची आई. ती शिंपल्यांच्या कारखान्यात पाळीवर जायची आणि घरी आली की तिच्या हातांना फ्योर्डचा, म्हणजे आमच्या खाडीचा, वास यायचा. वीबे सात वर्षांची असताना तिने पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव जुळवलं आणि बोदिलने टाळ्या वाजवल्या. थोर्किल रागावला नाही. तो दुःखी झाला. त्याने तिला शांतपणे समजावलं की जिथे शाबासकी शिरते तिथे पाठोपाठ ‘चूक’ही शिरते, एकाच दाराने. तो इतके दिवस दुःखी राहिला की बोदिलने पुन्हा टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणजे त्या घरात ‘चूक’ बंद झालं तसं ‘बरोबर’ही बंद झालं. वर्षानुवर्षं.

आता आमच्याकडे घरी शिकवायला कायद्याची आडकाठी नाही, पण नगरपालिकेचं माणूस येऊन मूल तपासून जातं. त्या हिवाळ्याच्या शेवटी रिगमोरबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, सायकलवर बसल्यासारख्या ताठ. त्यांनी वीबेपुढे कागद ठेवला आणि वीबेने पहिलं उत्तर लिहिलं. मग ती थांबली. कागदाकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, पुढचं लिही. तिने लिहिलं नाही. कागद हलेना, काही उघडेना, काही पडेना. पहिलं उत्तर पास झालं की नाही हेच कळेना, तर दुसऱ्याला हात कसा घालायचा? बाईंनी नाइलाजाने सांगितलं की मी तीन महिन्यांनी पुन्हा येईन, तेव्हाही असंच झालं तर ऑगस्टपासून मुलीला शाळेत घालावं लागेल. शिवाय मुलीला माणसांची सवय दिसत नाही, असंही त्या म्हणाल्या.

थोर्किल त्या तीन महिन्यांत वाळला. रात्रंदिवस ठोकाठोक. माझ्याकडचं पातळ प्लायवुड संपलं. पोरीला कागदावर लिहायची सवय व्हावी म्हणून त्याने लिहायचं एक मेज बनवलं, चुकीचं उत्तर लिहून खिट्टी दाबली की वरचं झाकण फटकन बोटांवर यायचं. हलकंच होतं झाकण, त्याने स्वतःच्या बोटांवर आधी शंभर वेळा पाडून पाहिलं होतं. मला अभिमानाने दाखवलं. मी म्हटलं, बिजागरी छान बसलीय. काय म्हणणार?

एप्रिलात तो लाकूड निवडायला आत गेला असताना वीबे गल्ल्यापाशी एकटी राहिली. तिने मला विचारलं, ‘‘अँकर, तू शाळेत होतास ना? तिथे चुकलं की काय होतं?’’

‘‘बाई चूक म्हणतात.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग खोडायचं.’’

ती वाट बघत राहिली. ‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच. माझं तर वह्यांपेक्षा खोडरबरच जास्त झिजलं.’’

‘‘आणि बरोबर आलं तर?’’

‘‘तर बरोबर म्हणतात.’’

‘‘मोठ्याने?’’

‘‘मोठ्याने. कधीकधी सगळ्यांसमोर.’’ माझ्या वाट्याला ते फारसं आलं नाही, हे मी सांगितलं नाही.

तिने आत बघितलं, बाप अजून फळ्या ठोकून बघत होता. मग ती हळूच म्हणाली, ‘‘त्या बाई परत येतील ना, तेव्हा मी सगळी उत्तरं चुकवणार आहे. मला शाळेत जायचंय.’’

मी म्हटलं, जपून गं. ती म्हणाली, मला सगळी बरोबर उत्तरं येतात, म्हणून चुकीची कुठली तेही येतं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

मे महिन्यात रिगमोरबाई येणार त्या दिवशी थोर्किलने मला कॉफीला बोलावलं. मुलीला माणसांची सवय नाही असा शेरा होता ना, म्हणून मी माणसं. एकटाच. त्याने मला बजावलं होतं की वीबेशी सहज बोलायचं, रोज येत असल्यासारखं. मी स्वच्छ सदरा घालून टेबलाशी बसलो आणि सहज दिसायचा प्रयत्न केला. बोदिल कॉफी ओतत होती. तिने माझ्या कपात इतकी ओतली की बशीत आली. तिलाही पोरीचा बेत ठाऊक होता, हे मला त्यावरून कळलं.

बाईंनी साधनं पाहिली आणि मनापासून वाखाणली. मग कागद पुढे ठेवला. सहा गुणिले सात.

वीबेने लिहिलं, चाळीस. लिहिलं आणि दोन्ही हात झटकन टेबलाखाली घेतले, खांदे कानांपाशी आणले, डोळे घट्ट मिटले.

काही झालं नाही. फ्योर्डवरून वारा येऊन खिडकी वाजवत होता तेवढंच. थोर्किलचा चेहरा पिठासारखा झाला.

रिगमोरबाई म्हणाल्या, ‘‘जवळ आलीस. पुन्हा बघ हं.’’

वीबेने एक डोळा उघडला. मग वाकून टेबलाखाली बघितलं. बाईंना वाटलं पेन्सिल पडली. पोर वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला माझ्या कॉफीत बघावं लागलं. तिने दुसरंही उत्तर चुकवलं. या खेपेला हात टेबलावरच ठेवले, पण बोटं मुडपून. पुन्हा काही नाही. बाई पुन्हा तेवढ्याच गोड आवाजात म्हणाल्या, नाही गं, घाई झाली तुझी. बोदिल खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिची मान थोडी सैल झालेली दिसली. मी मनात म्हटलं, झालं, पोर सुटली. अशीच आणखी चार चुकव.

तिसरं होतं तेरा गुणिले चार. का कोण जाणे, तिने बरोबर लिहिलं. असा मऊ आवाज बरोबर उत्तराला काय करतो, एवढंच बघायचं असेल तिला.

‘‘बरोबर,’’ बाई म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘बरोबर आहे. बावन्न. छान.’’

पोरीचे कान आधी लाल झाले, मग गाल, मग मान. ती बाईंच्या ओठांकडे बघत होती, त्यातून अजून काही निघेल अशा आशेने. मग तिने कागद ओढला आणि पुढचं लिहिलं. बरोबर. त्याच्या पुढचं. बरोबर. मी खोकलो. तिने ऐकलं नाही. मी टेबलाखालून पाय लांब करून तिच्या खुर्चीला धक्का दिला. तिने खुर्ची बाईंच्या जवळ सरकवली. कागद संपला तर म्हणाली, अजून विचारा. बाईंनी नद्या विचारल्या, राजे विचारले, इंग्रजी शब्द विचारले. वीबे प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देई आणि तोंड वर करून थांबे, पिल्लू घरट्यात थांबतं तशी, आणि बाई प्रत्येक वेळी म्हणत, ‘‘बरोबर.’’ चुकवायचं होतं हे ती विसरली होती म्हणावं, तर तसंही नसेल. तिला आठवत असेल. पण दहा वर्षांची उपाशी पोर जेवण सोडून बेत कसा सांभाळणार?

थोर्किलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याला वाटलं, त्याच्या साधनांनी हे केलं.

शेवटी रिगमोरबाईंनी चष्मा काढला. त्या थोर्किलला म्हणाल्या की चाळीस वर्षं शिकवलं, पण शिकायला इतकी आसुसलेली मुलगी पाहिली नाही. ‘‘खरं सांगू का? हिला शाळेत घालणं म्हणजे हिचं वाटोळं करणं. तुम्ही जे करताय तेच चालू द्या.’’

वीबे बाईंकडे बघून हसत होती. वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत हळूहळू पोहोचला, आणि ते पोहोचणं मला दिसलं.

‘‘पण तुम्ही उद्या येणार ना?’’ तिने विचारलं.

‘‘उद्या?’’ बाई हसल्या. ‘‘आता पुढच्या वर्षी गं, राणी.’’

बोदिलने टेबलावरचे कप उचलायला सुरुवात केली. बाईंची कॉफी अजून प्यायची होती, तरी त्यांचाही कप उचलला.

बाहेर वारा सुटला होता. रिगमोरबाई गाडीत बसल्या आणि निघाल्या. वीबे फाटकातून बाहेर पडून गाडीमागे धावू लागली, आणि धावता धावता पाढा म्हणत होती. ‘‘तेरा पाचे पासष्ट! तेरा सक अठ्ठ्याहत्तर!’’ बाईंना आरशात पोर दिसली असावी. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून छान हलवला, निरोप दिला, आणि गार वारा लागला म्हणून काच वर घेतली. गाडी चर्चच्या वळणावर गेली. पोर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

थोडा वेळ गेल्यावर ती परत आली. थोर्किल दारात उभा होता. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्याने तिच्या केसांतून हात फिरवला.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘तेरा सक अठ्ठ्याहत्तर. बरोबर का?’’

मी थोर्किलकडे बघितलं. बोदिल आतून, हातात ओला कप घेऊन, त्याच्याकडे बघत होती. एक शब्द होता. चार अक्षरांचा.

तो खाली वाकला, तिच्या डोळ्यांत डोळे घातले आणि अगदी मायेने म्हणाला, ‘‘मला कशाला विचारतेस बाळा? तुझं तुला कळेल.’’