तिरकं ठिगळ

शिवणकामात फोटोमावशीचा हात म्हणजे विचारूच नका. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या लष्करी जर्सीचं डावं कोपर फाटलं होतं. शिंप्याकडे द्यायचं सोडून बाईसाहेबांनी ते स्वतःच हातात घेतलं. नवऱ्याच्या जुन्या पँटचा तुकडा कापला, तोही तिरका, आणि असा काही लावला की मुलगा म्हणाला, "आई, शत्रू हसूनच मरेल गं." तीच जर्सी घालून तो डोंगरावरच्या चौकीवर परत गेला. त्यानंतर त्याची सुट्टी दर वेळी रद्द होत राहिली.

मावशी एका दैनिकात फोटो निवडायच्या टेबलावर बसायची. बातमीदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांची ती मावशीच. ढिगातून फोटो उचलायचा, कडा कापायच्या, खाली ओळ लिहायची, हे तिचं काम. त्या थंडीत सगळा ढीग युद्धाचाच होता. सरहद्दीवर इस्लामी अतिरेक्यांच्या टोळ्या उतरत होत्या. नाव धर्माचं घ्यायचे मेले, आणि पहिली गोळी घातली ती खालच्या गावच्या मौलवींना, कारण त्यांनी गावातली पोरं टोळीत पाठवायला नकार दिला. ते गाव आता चौकीच्या भरवशावर जगत होतं. इकडे टीव्हीवर कोटवाली मंडळी गरम स्टुडिओत बसून रोज एक लढाई जिंकत होती. चौक्यांवर माणसं कमी पडतात का, असं कुणी विचारलं की मंत्रालयाचं उत्तर ठरलेलं: मनुष्यबळ पुरेसं आहे. मावशी टीव्हीचा आवाज बंद करून कामाला लागायची.

एका दुपारी त्यांचा छायाचित्रकार त्या डोंगरातून परतला. मावशीने पहिला फोटो उघडला. पहाऱ्यावरचा जवान, तोंडाला मफलर, नुसते डोळे दिसतायत, आणि डाव्या कोपरावर तिरकं ठिगळ. तिच्या जिवात जीव आला. दुसऱ्या फोटोत वाळूची पोती रचणारा जवान होता, त्याच्याही कोपरावर तेच ठिगळ. तिसरा रात्रीच्या पहाऱ्याचा, आणि पुन्हा तेच ठिगळ.

"हा झोपतो कधी रे?" तिने विचारलं.

छायाचित्रकाराने मान खाली घातली. "मावशी, बाकीचेही तेच तेच आहेत. बदलीला कुणी येतच नाही. असेच राहिले तर एखाद्या रात्री पहाऱ्यावरच डोळा लागेल."

मावशी फोटोंच्या छापील प्रती घेऊन तडक संपादकांकडे गेली. "साहेब, पहिल्या पानावर हे तीन फोटो शेजारी शेजारी लावा. लोकांना कळू दे."

संपादकांनी फोटो पाहिले, ठिगळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "तुमचा?"

"हो."

"आज नाही लावायचे," ते म्हणाले आणि फोटो खणात ठेवून कुलूप लावलं. कारण विचारलं तर म्हणाले, "थोडा विश्वास ठेवा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर नव्या पुलाचा फोटो आला. साहेबांनी शेपूट घातली, असं तिने ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं आणि घरी नवऱ्यालाही सांगितलं. मग तिने सरळ एका वाहिनीतल्या ओळखीच्या बाईला फोन लावला. त्या म्हणाल्या, लगेच पाठवा, आजच दाखवतो. मावशी आपल्या संगणकावरच्या प्रती पाठवायला बसली आणि सवयीप्रमाणे आधी कडा बघू लागली. एका कडेला वर येणारी पाऊलवाट दिसत होती, दुसरीकडे पाण्याची टाकी. चौकीत माणसं किती, हे तिला टेबलावर बसून मोजता आलं होतं. डोंगरापलीकडे बसलेल्यालाही ते मोजता येणार होतं. तिने फोटो पाठवले नाहीत, आणि खणाला कुलूप का लागलं ते तिला आता समजलं.

चार दिवसांनी संपादकांनी हाक मारली. "कुमक वर पोचली. आता लावा. जागेचं नाव नको, वाट आणि टाकी कापा." तेच फोटो घेऊन ते स्वतः लष्करी मुख्यालयात जाऊन बसले होते. एवढी मोठी बातमी दाबली म्हणून मालकाचं वाटेल ते ऐकून घेतलं होतं, पण सैनिक वाटेत असेपर्यंत कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. मावशीला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तिने कडक चहा आणून पुढे ठेवला आणि म्हणाली, "साहेब, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"मला ऐकू आलं होतं," ते म्हणाले.

सुट्टी मिळून मुलगा घरी आला आणि मेल्यासारखा झोपला. पिशवीत जर्सी नव्हती. "माझ्या जागी आलेल्याला दिली," तो कूस बदलत म्हणाला. "घाईत पाठवलाय गं त्याला. वर थंडी फार आहे."

पुढच्या ढिगात ते ठिगळ पुन्हा दिसलं. जर्सी तीच, पण हात बारीक, खांदे अरुंद. तोंडाला मफलर होताच. मावशी त्याखाली ओळ लिहायला बसली. हा फोटो उद्या घरोघरी जाईल, आणि त्या पोराच्या आईला तो ओळखूही येणार नाही, कारण ठिगळ तिच्या हातचं नाही.

तिने मुलाकडून त्या आईचा नंबर मिळवला आणि फोन लावला. "ताई, तुम्ही मला ओळखत नाही. उद्याच्या पेपरात पहिलं पान बघा. डाव्या कोपरावर वेडंवाकडं ठिगळ आहे, तो तुमचा." पलीकडच्या बाईने आधी विचारलं, बरा आहे ना तो? मावशी म्हणाली, "बरा आहे तो. ताठ उभा आहे. आणि ताई, तो तिथे उभा आहे म्हणून माझा इथे झोपलाय."