कोरी परत आलेली प्रुफं

मी मूळची संशयी. पाववाला रोजच्यापेक्षा गोड बोलला तर पाव कालचे असणार, हे मी टोपलीत हात न घालता सांगते. नवरा म्हणायचा, "देवाने तुला कान दोन दिले आणि शंका चार." मी त्याचा कधी प्रतिवाद केला नाही, कारण निम्म्या वेळा तरी मी बरोबर निघायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. विरारला एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेत असे. बँकेतले कारकून यायचे, मुलांच्या शाळेत तोंड उघडता यावं म्हणून आया यायच्या, अर्नाळ्याहून मासळी विकणारी एक बाई यायची. बाजारातली संभाषणाची पुस्तकं यांच्या काही कामाची नव्हती. त्यातली माणसं चहा पीत बागेतल्या फुलांविषयी बोलत. आमच्या माणसांना डॉक्टरशी, बँकेतल्या साहेबाशी, शाळेतल्या बाईंशी बोलायचं होतं. म्हणून मी स्वतःच पुस्तक लिहिलं. दोन प्रकाशकांनी "असली पुस्तकं ढिगाने पडली आहेत" म्हणून परत केलं, तेव्हा चिडून ते स्वतःच छापायचं ठरवलं.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, पण साताऱ्याकडे, कागदावर. इंग्रजीत मी जन्मात कुणाशी भांडले नव्हते. माझे संवाद परीक्षेच्या उत्तरांसारखे वाटत. त्यांत जीव आणला तो अंकलनी.

अंकल विरारजवळच्या नंदाखाल गावचे. पंचवीस वर्षं परदेशी बोटींवर स्वयंपाकी होते, निवृत्त होऊन केळीची बाग बघत. आखातातल्या कंपनीचा फोन आला की गावातली पोरं त्यांनाच बोलवायला धावत. मोठे फादरसुद्धा परदेशी पाहुणे आले की त्यांना शेजारी बसवून घेत. रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की ते माझ्या वर्गात येत आणि दोन तास सगळ्यांशी इंग्रजीत गप्पा मारत. विद्यार्थी माझ्याकडे शिकत आणि त्यांच्याकडे बोलत, हे मला कळत होतं. मी मागे बसून त्यांची वाक्यं वहीत उतरवून घ्यायची. पुस्तकातली निम्मी वाक्यं त्यांच्या तोंडची होती आणि त्यांनी त्याबद्दल काही मागितलं नव्हतं. मला तेही खटकत होतं. काही न मागणारा माणूस मला कधीच पचला नाही.

प्रुफं हातात आली तेव्हा मी एक प्रत त्यांना दिली. म्हटलं, "अंकल, जिथे कुणी असं बोलत नाही असं वाटेल तिथे खूण करा."

तीन आठवड्यांनी ती परत आली. एकाही पानावर पेन्सिलीचा ठिपका नव्हता. "फर्स्ट क्लास हाय, टीचर," ते म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. मी त्यांच्यादेखतच पानं उलटत होते. ते थोडा वेळ थांबले, मग टोपी घालून निघून गेले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या पानांत एकही चूक नाही? म्हणजे उघडलीच नसणार. की नालासोपाऱ्याला नव्याने निघालेल्या क्लासवाल्याने मध्ये झेरॉक्स काढून घेतली? की मुखपृष्ठावर आपलं नाव नाही म्हणून राग? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "त्यांना आवडलं असेल." त्याचं हे असंच असतं.

मग मला जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. एस. टी. समोर उभी असली तरी अंकल शेजारच्याला विचारत, "ही कुठली?" मुखपृष्ठाचे दोन नमुने दाखवले तेव्हा चष्मा घरी राहिला होता. पण गावच्या सणाला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या ताटातल्या मासळीतले केसाएवढे काटे त्यांनी चष्म्याशिवाय काढून दिले होते. चष्मा लावलेला मी त्यांना कधी पाहिलाच नव्हता.

या माणसाला वाचता येत नाही, असं माझ्या मनाने घेतलं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. पंचवीस वर्षांच्या बोटीच्या गोष्टीही खऱ्या की थापा, इथपर्यंत मी गेले. आणि मग मी एक गोष्ट केली, जी मी अजून नवऱ्यालाही सांगितलेली नाही. डॉक्टरचा संवाद अंकलच्याच तोंडून उतरवलेला, त्यात रोगी म्हणतो, ताप थ्री डेज आहे. छापायला जाण्याआधी मी ते फाइव्ह डेज केलं. काही कारण नव्हतं. कारण एवढंच, की प्रकाशनाच्या दिवशी तो संवाद मी अंकलना वाचायला लावणार होते.

प्रकाशन आमच्या खोलीतच झालं. चाळीसेक माणसं होती, प्रत्येकाच्या हातात नवं पुस्तक. अंकल कोट घालून आले होते. मी म्हटलं, "आता मी डॉक्टर आणि अंकल पेशंट." त्यांनी पुस्तक हातात घेतलं. पान मी उघडून दिलं. त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं, ती ओळ आमची नव्हतीच, आणि संवाद सुरू झाला. काय सुंदर बोलले ते. कण्हले, खोकले, लोक हसले. मी विचारलं, "हाउ लाँग हॅव यू हॅड द फीव्हर?"

"थ्री डेज, डॉक्टर."

मी जिंकले होते. अर्धा क्षण मला बरंही वाटलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अर्नाळ्याची बाई ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "टीचर, इथं तर फाइव्ह हाय."

सगळ्यांनी पुस्तकात माना घातल्या. अंकलचं बोट त्या चुकीच्या ओळीवरच होतं. ते माझ्याकडे बघत होते. गावभरची माणसं ज्याला बोलवायला येतात, त्या माणसाची सगळी अब्रू त्या क्षणी माझ्या हातात होती, आणि ती तिथे मीच आणून ठेवली होती. मला स्वतःची किळस आली.

"छपाईची चूक आहे," मी म्हणाले. "अंकल बरोबर आहेत. पेन काढा, फाइव्ह खोडा, थ्री लिहा." चाळीस माणसांनी मुकाट्याने खोडलं. पुढचा संवाद आम्ही पूर्ण केला.

सगळे गेल्यावर अंकल खुर्च्या एकावर एक रचत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "छापनाऱ्याची चूक नाय ना, टीचर?"

"नाही."

"मंग तुमी मुद्दाम बदलला."

मी मान डोलावली. त्यांनी आणखी एक खुर्ची चढवली. "नातीनं वाचून दाखवला मला. तीन वेला. रोज साळेतून आली का वाचायची. दोन ठिकानी बदलायला पायजे होता, तसा कोन बोलत नाय. पन मी पेन्सिलची खून करनार कशी? म्हटला, टीचर विचारतील. तुमी विचारला असता तर मी सांगितला असता, वाचता येत नाय ते पन. तुमी नुसती पाना उलटत बसल्या."

"कुठली दोन ठिकाणं, अंकल?"

"आता छापला ना," ते म्हणाले. शेवटची खुर्ची ठेवून त्यांनी कोट झटकला आणि गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी नंदाखालला गेले. त्यांनी चहा दिला, केळी दिली, माझ्या नवऱ्याची चौकशी केली. वर्गाचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही नाही. विद्यार्थी विचारत, तेव्हा मी सांगायची की अंकलना बागेतून वेळ होत नाही.

काही वर्षांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. तोवर अंकल राहिले नव्हते. छापण्याआधी मी एकेक वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं, सगळ्यांवर संशय घेतला. ती दोन ठिकाणं मला सापडली नाहीत.