एकेरी रस्ता, पण कुठून कुठे?

मैत्रिणींनो, आज सकाळी इस्लामपुरात आमच्या गल्लीची बैठक झाली. उसाच्या ट्रॅक्टरांमुळे कोंडी होते, म्हणून गल्ली एकेरी करायची, असं माजी नगरसेवक आबा म्हणाले. कारण काय, तर मुलांची सुरक्षितता. सगळ्यांनी लगेच हात वर केले.

आबांना मुलांची काळजी वाटू लागली की मला शंका येते. मी विचारलं, "एकेरी म्हणजे कुठून कुठे?"

"चौकातनं आत, कारखान्याच्या रस्त्यानं भाईर. सोपं हाय की, बाई."

सोपं आहेच. गल्लीच्या मध्यावर आबांचं नवं मंगल कार्यालय आहे. वऱ्हाडाच्या गाड्यांना आता समोरून कोणी आडवं येणार नाही.

आमच्या ह्यांना दमा आहे. दवाखाना चौकात, हाकेच्या अंतरावर. उद्यापासून ट्रॅक्टरांच्या मागे रांगेत उभं राहून अख्ख्या गावाला वळसा घालायचा? मी आबांना तसं विचारलं.

"आवं, ॲम्ब्युलन्सला कोन अडिवतंय?"

"ह्यांना शेजारच्या सलीमभाईंची रिक्षा नेते, आबा. तिला सोडाल?"

आबा फोन बघू लागले. सलीमभाईंनी हात खाली घेतला. बाकीच्यांचे वरच राहिले आणि ठराव झाला.

ठरावावर मी सही केलेली नाही. तुमच्या गल्लीत हात वर करण्याआधी कोणी दिशा विचारतं का?