थंड औषध

गोळ्यांवर काडीचा विश्वास नसताना इमानेइतबारे गोळ्या खाणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात शोधायचा म्हटला, तर आमच्या थोरल्या काकांशिवाय दुसरा सापडणार नाही. ब्लडप्रेशर आणि साखर अशी दोन दुखणी त्यांना फार वर्षांपासून आहेत, पण काकांच्या मते दुखणं एकच, ते म्हणजे गोळ्या. "गरम पडतात," हा त्यांचा निकाल, आणि त्यावर अपील नाही. डोक्यावरचे केस गेले, गोळ्या गरम पडल्या. म्हैस आटली, तर म्हणे गोळी खाऊन आपण तिला पाणी दाखवलं होतं. एकदा रसायनीला माझ्याकडे आले असताना दुपारभर लाइट नव्हती. घामाघूम होऊन उठले आणि म्हणाले, "बघितलंस, त्या पांढऱ्या गोळीनं भाजून काढलं." मी म्हटलं, काका, लाइट गेली होती, पंखा बंद होता. "लाइट तुझी गेली रं. मला गोळीनंच भाजलं." उतारा म्हणून गोळीमागोमाग सब्जाचं पाणी, त्यावर ताक, त्यावर कोकमाचं सार. काकू वैतागून म्हणते, "गोळी एवढीशी, आन् तिच्यामागं माझा आख्खा सैपाक!"

राग तर काकांच्या नाकावर नाही, जिभेवर असायचा. डॉक्टरांशी भांडण, एसटीच्या कंडक्टरशी भांडण. कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या एका मुलीला त्यांनी इतकं झापलं, की शेवटी तिनंच फोन ठेवला. त्यांना डॉक्टरकडे नेणं आणि मागाहून सगळ्यांची माफी मागणं, हे काम कुणी न विचारता माझ्या गळ्यात पडलेलं. पण खरं भांडण बांधावरचं. कुंभिवलीच्या अंगाला काकांचं भाताचं शेत आहे आणि त्याला लागून एका शेजाऱ्याचं. शेजारी दर वर्षी बांध कोरतो, म्हणजे कुदळीनं काकांच्या बाजूची चार बोटं माती आपल्यात ओढतो, असं काकांचं म्हणणं. शेजाऱ्याचं म्हणणं नेमकं उलटं. लावणी आली की दोघं बांधावर समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या आजोबांपासून सुरुवात करत, ती हमरस्त्यावरच्या ढाब्यापर्यंत ऐकू जाई.

मग काकांना काचबिंदू निघाला आणि पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा काकांना एक औषध आवडलं! आल्यागेल्याला बाटली दाखवायचे. "डोल्यात टाकलं का गारेगार. औषध असं पायजे. थंड औषध कधी बाधत नाय." आणि थेंबांबरोबर काकाही थंड झाले. आमटीत मीठ नाही, तरी गप्प. गोळी दिली, तर गिळून मोकळे. दिवसभर ओटीवर डोळे मिटून बसायचे. डोळ्यांतला गारवा डोक्यापर्यंत पोचला, असं म्हणून काकूनं ती बाटली देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. मी तरी कशाला खोटं बोलू, मलाही सुटल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात एके दिवशी सकाळीच तो शेजारी रसायनीला माझ्या दारात उभा. मला वाटलं, आलं बांधाचं गाऱ्हाणं. पण गडी रडवेला झाला होता. "तुझ्या काकाला दवाखान्यात ने रं," म्हणाला. "आठ दिस झालं, शिवी नाय का काय नाय. म्हनून मी मुद्दाम, त्याच्या डोल्यादेखत, हातभर बांध कोरला. बसून बघत व्हता. मला म्हनला, घे रं, मातीच हाय." त्यानं डोक्यावरची टोपी काढून डोळे पुसले. "मानूस चाललाय त्यो. तुमाला कुनाला कलत कसं नाय?"

बांध यानं कोरायचा आणि धावायचं मी, अशी चडफड करतच निघालो. काकांना उठवलं तर दोन पावलांत खांबाला धरून उभे राहिले. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. खोपोलीच्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. ठोके भलतेच मंद पडले होते.

"नवीन कुठली गोळी चालू केलीत?"

"गोल्या त्याच," काका म्हणाले. काकूही म्हणाली त्याच. मीही म्हटलं त्याच. मग काकूनं घड्याळाकडे पाहिलं, पिशवीतून बाटली काढली आणि डॉक्टरांच्या समोरच काकांची मान मागे केली, कारण थेंबांची वेळ झाली होती. डॉक्टरांनी बाटली हिसकावूनच घेतली. डोळ्यात टाकलेलं औषध रक्तात उतरतं, आणि हे थेंब नि काकांची प्रेशरची गोळी एकाच जातीची, दोन्ही मिळून हृदयाला मागे ओढत होती. "वेळेवर आणलंत. असेच चालता चालता पडले असते," ते म्हणाले. मग काकांवर ओरडले, "हे सांगायला नको?"

"तुमी गोल्या इचारल्या. ह्ये थेंब हायत."

आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांचं सांगितलं होतं का? "त्यांनी डोल्यांचं इचारलं, मी डोल्यांचं सांगितलं." मी कपाळाला हात लावला. जन्मभर निरपराध गोळ्यांना शिव्या घातल्या, आणि ज्यानं खरोखर जीव घ्यायला काढला त्याला देवाशेजारी बसवलं!

दवाखान्यात ठेवलं, थेंब बदलले, ठोके जाग्यावर आले. तिसऱ्या दिवशी काका खिचडीवरून डबेवाल्यावर खेकसले तेव्हा काकू पदर डोळ्यांना लावून रडली. शेजाऱ्यानं बांध पहिल्यासारखा बांधून दिला, तर चार बोटं कमी भरला म्हणून काकांनी पुन्हा त्याचा आजोबा काढला. तोही जोरात ओरडला, आणि ओरडताना हसत होता. नवे थेंब अर्थातच गरम पडतात.

एक गोष्ट मात्र मी घरात कुणाला सांगितलेली नाही. माझे वडील गेले, तेव्हा काका बारा दिवस मांडववाल्याशी भांडत होते. धाकट्या भावाबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द कधी निघाला नाही. त्या थंड दिवसांत मात्र एकदा ओटीवर मी शेजारी बसलो असताना आपणहून म्हणाले, "तुझा बा माझ्या पाठीवर बसून वढा वलांडायचा. माजा कान धरून ठेवायचा रं. एकदा काय झालं..." आणि तिथंच त्यांचा डोळा लागला. परवा धीर करून विचारलं, काका, ओढ्यात काय झालं होतं? "कामधंदा नाय का तुला?" केवढ्यांदा ओरडले! आवाज चांगला खणखणीत होता. मला ते ऐकायचं होतं, फार ऐकायचं होतं. पण तेवढ्यासाठी ते थेंब काही पुन्हा चालू करता येत नाहीत.